नांदायला जा, असं कोर्ट कसं सांगू शकतं?

शेजारच्या काकूंच्या लेकीला गेल्या वर्षी रजिस्टर पोस्टाने एक पाकीट आलं. ती तेव्हा चार महिने माहेरी होती. काकूंचे हात कापायला लागले म्हणून कागद माझ्याकडे आला. वकिलाच्या शिक्क्याची दीड पानाची नोटीस होती. ‘तुम्ही कोणतेही सबळ कारण नसताना माझे अशिलाचे घरातून माहेरी निघून गेलात. तरी ही नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवसांचे आत माझे अशिलाकडे नांदावयास यावे. अन्यथा माझे अशील योग्य त्या कोर्टात दाद मागतील व होणाऱ्या खर्चाची व परिणामांची जबाबदारी तुमचेवर राहील.’ ‘नांदावयास’ या शब्दाखाली कुणीतरी पेन्सिलने रेघ मारली होती. बहुधा काकूंनीच.

काकूंनी मला दोन प्रश्न विचारले. हिला न्यायला पोलीस येतील का? आणि कोर्टाला असं सांगता येतं का, की जा आणि याच्यापाशी राहा?

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. पोलीस येत नाहीत. दुसऱ्याचं उत्तर ऐकून काकू गप्प झाल्या, कारण ते ‘हो, सांगता येतं’ असं आहे. हिंदू विवाह कायद्याचं नववं कलम त्यासाठीच आहे. कायद्याच्या भाषेत त्याचं नाव ‘दांपत्य हक्कांचे प्रत्यास्थापन’ असं जड आहे. कोर्टाच्या आवारात मात्र सगळे त्याला ‘नांदायचा दावा’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘कलम नऊ’.

आपल्याकडे लक्ष्मी नांदते, गावात सुख नांदतं, लग्नात मोठी माणसं ‘नांदा सौख्यभरे’ म्हणून अक्षता टाकतात. मनात असलं तरच जे होतं, त्याला आपण नांदणं म्हणतो. ते हुकमाने कसं घडवायचं? हा प्रश्न मुंबईच्या हायकोर्टात १८८५ साली उभा राहिला. उभा करणारी होती वीस वर्षांची एक मराठी तरुणी, रखमाबाई. स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीला आपल्याकडे अजून नावही नव्हतं, तेव्हा तिने ‘मी जाणार नाही’ असं लेखी कळवलं. त्या नकाराने कायद्याचं कुठलं चाक अडलं, हे समजायचं तर आधी हे यंत्र आलं कुठून ते पाहावं लागतं.

## मूळ शास्त्रात नाही, चर्चमध्ये

बायकोला कोर्टामार्फत परत आणायची रीत आपल्या जुन्या शास्त्रातून आली असेल, असं बहुतेकांना वाटतं. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटत होतं. धर्मशास्त्रांत पत्नीची कर्तव्यं भरपूर सांगितली आहेत, यात शंका नाही. पण नवऱ्याने दावा लावावा, न्यायाधीशाने हुकूम द्यावा आणि तो मोडला तर बाईने तुरुंगात जावं, ही रीत इंग्लंडमधली आहे. तिथल्या चर्चच्या कोर्टांतून ती निघाली.

इंग्लंडमध्ये १८५७ पर्यंत लग्नाचे तंटे चर्चच्या कोर्टात चालत. चर्चच्या मते लग्न मोडताच येत नव्हतं. घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून स्वतःपुरता वेगळा कायदा करून घ्यावा लागे, आणि तो खर्च फार थोड्यांना झेपे. दार असं बंद असल्यावर घर सोडून गेलेल्या जोडीदाराचं करायचं काय? चर्चचं उत्तर ठरलेलं होतं: परत जा. नाही गेलं तर धर्मातून बहिष्कृत. १८१३ साली तिथल्या कायद्याने बहिष्काराच्या जागी सहा महिन्यांपर्यंतचा तुरुंग आणला.

इंग्रज इथे राज्य करायला लागले तेव्हा त्यांची कोर्टं, त्यांचे वकील आणि त्यांच्या दाव्यांचे साचेही सोबत आले. १८६७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यांत वरच्या कोर्टाने, एका मुसलमान जोडप्याच्या खटल्यात ठरवलं की हिंदुस्थानच्या दिवाणी कोर्टातही असा दावा चालू शकतो. तिथून तो हिंदूंनाही लागू झाला.

जाता जाता झालेलं एक नुकसान मला मोठं वाटतं. आपल्याकडे अनेक जातींत काडीमोड होता, पाट होता. जमलं नाही तर पंचांसमोर बसून मोकळं होता येत होतं. त्या वाटा सगळ्या चांगल्या होत्या असं नाही, पंचांचा जाचही होता, पण वाट होती. इंग्रजी कोर्टाने ‘हिंदू लग्न’ म्हणून मुख्यतः पोथीतलं लग्न धरलं, जे मोडत नाही, आणि त्याला चर्चचा दावा जोडला. दोन्हीकडची कठोर बाजू तेवढी एकत्र आली.

## अकरा वर्षांची नवरी

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईचा. अडीच वर्षांच्या असताना वडील जनार्दन पांडुरंग गेले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्यांच्या समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत होतं. नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे करून त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतींचे जाणकार. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ मधल्या संस्थापकांत ते होते. ही सावत्र मुलगी त्यांनी पोटच्या लेकीसारखी वाढवली.

तरीही चालीप्रमाणे अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस-वीस वर्षांचा, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला. घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं, काही बनायचं, असं ठरलं होतं. दादाजीला ते जमलं नाही. तो शिक्षणाला कंटाळला, मामाकडे राहायला गेला, आजारी पडला, कर्जात बुडाला. रखमा मात्र सावत्र वडिलांच्या घरीच राहिली. मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून घरीच वाचत गेली. वाचता वाचता तिला इंग्रजी येऊ लागलं, आणि आपल्या आयुष्याचा निर्णय आपल्याला न विचारता झाला आहे, हेही उमगलं.

मार्च १८८४ मध्ये दादाजीच्या वकिलांचं पत्र आलं: बायकोला पाठवा. सखाराम अर्जुनांनी कळवलं की मी तिला अडवलेलं नाही. म्हणजे आता तिनेच बोलायचं होतं, आणि ती बोलली. मी जाणार नाही. दादाजीला संसार चालवण्याची ऐपत नाही, त्याची प्रकृती ठीक नाही, ज्या मामाच्या घरी तो राहतो तिथलं वातावरण चांगलं नाही. आणि हे लग्न मी अजाण असताना, माझ्या संमतीवाचून झालं आहे.

पहिली तीन कारणं कोर्टाच्या ओळखीची होती. चौथं कारण कोर्टाने त्या अर्थाने कधी ऐकलेलं नव्हतं. हिंदू लग्नाला मुलीची संमती लागते, हेच मुळी तेव्हा कुठे लिहिलेलं नव्हतं.

खटला उभा राहण्याआधीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. पाठीवरचा हात गेला. त्याच जूनमध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने बालविवाहावर एक पत्र छापून आलं. लिहिणारी हीच मुलगी होती. मूल आणि नवरी हे एकाच शरीरात कोंबल्यावर मुलीच्या शिकण्याचं काय होतं, हे त्या पत्राचं दुःख होतं. घरात शोक, दारात खटला, आणि ही मुलगी टेबलाशी बसून इतर मुलींसाठी लिहिते आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

## कधी जोडलाच नव्हता तो नळ

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांच्यासमोर सुनावणी झाली. रखमाबाईंच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. पिन्ह्यांनी दादाजीचा दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद नीट समजून घेण्यासारखा आहे.

समजा, नगरपालिकेने तुमचा नळ तोडला. तुम्ही कोर्टात जाऊन म्हणू शकता, तोडलेली जोडणी पूर्ववत करून द्या. पण नळ कधी घेतलाच नसेल, तर ‘पूर्ववत’ काय करणार? पूर्वी काही होतं, असं गृहीत धरूनच तो शब्द वापरता येतो. या दाव्याच्या नावातच ‘पुन्हा’ आहे. आधी एकत्र राहणारं जोडपं, त्यातलं एक निघून गेलं, त्याने परत यावं, अशी त्याची कल्पना. रखमाबाई आणि दादाजी नवरा-बायको म्हणून एक दिवसही एकत्र राहिले नव्हते. म्हणजे दादाजी तुटलेलं काही जोडून मागत नव्हता. एका तरुण स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पहिल्यांदाच आपल्या ताब्यात द्या, असं तो मागत होता.

पिन्हे एवढ्यावर थांबले नाहीत. हा दावा इंग्लंडमध्ये विशिष्ट परिस्थितीत जन्मला, तिथून इथे रोवला गेला, हिंदू कायद्यात त्याला पाया नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. बाईला नको असलेल्या पुरुषाकडे जबरीने पाठवणं रानटीपणाचं आणि क्रूर आहे, हेही त्यांनी निकालात लिहिलं. इंग्रज न्यायाधीशाने मुंबईत हे लिहिल्यावर गदारोळ होणारच होता. धर्मात ढवळाढवळ झाली, असा ओरडा झाला. टिळकांनी निकालावर टीका केली. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले.

टिळकांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, आणि म्हणूनच ही जागा मला दुखते. परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, हे त्यांचं म्हणणं स्वाभिमानाचं होतं. पण परकं सरकार घरात शिरलं होतं ते दादाजीच्या दाव्यातून. रखमाबाई तर कोर्टात गेल्याच नव्हत्या. त्यांना तिथे ओढलं गेलं होतं.

दादाजीने अपील केलं. १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ह्यांचा निकाल रद्द केला. त्यांचं तर्कशास्त्र असं: हिंदू लग्न हा संस्कार आहे. विधी पुरे झाले की लग्न पुरं झालं, त्याला ना वयाची अट ना संमतीची. लग्न पुरं असेल तर एकत्र राहणं हे त्यातूनच येणारं कर्तव्य. मग आधी एकत्र राहिले होते की नाही, हा भेद उरत नाही. नळाचंच उदाहरण द्यायचं तर, घर बांधलं त्याच दिवशी पाण्याचा हक्क ठरला, जोडणी कधी झाली याला महत्त्व नाही, असा त्याचा अर्थ. खटला पुन्हा सुनावणीला पाठवला गेला.

१८८७ च्या फेब्रुवारीअखेर आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. अमेरिकेहून डॉक्टर होऊन आल्या आणि इथे एकही रोगी तपासायच्या आत गेल्या. त्यानंतर आठवडा उलटायच्या आत, ४ मार्चला, न्यायमूर्ती फॅरन यांनी मुंबईत रखमाबाईंच्या खटल्याचा निकाल दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.

रखमाबाईंनी सांगितलं, मी तुरुंगात जाईन.

## हुकूम वसूल कसा करायचा?

त्या एका उत्तराने सरकार आणि कोर्ट दोघांचीही पंचाईत झाली. ती कशी, हे कळायला दिवाणी हुकूम म्हणजे काय ते थोडं पाहू.

कोर्टाने हुकूमनामा दिला की काम संपत नाही. पुढे दरखास्त लावावी लागते, म्हणजे हुकूम प्रत्यक्षात आणण्याचा अर्ज. हुकूम पैशाचा असेल तर जप्ती येते: बँकेतलं खातं, दुकानातला माल, पगाराचा हिस्सा. हुकूम शेताच्या किंवा खोलीच्या ताब्याचा असेल तर बेलीफ येतो, कुलूप तोडतो, पंचनामा करतो आणि किल्ली जिंकणाऱ्याच्या हातात देतो. दोन्ही ठिकाणी हरलेल्या माणसाच्या मनाशी कोर्टाला कर्तव्य नसतं. तो रागावला काय आणि रडला काय, ताबा मिळतोच.

नांदण्याच्या हुकमाचं तसं नाही. बेलीफ खोलीचा ताबा देऊ शकतो, माणसाचा देऊ शकत नाही. देऊ लागला तर ती गुलामगिरी होईल, आणि इंग्रजी राज्यातही ती कायद्याने बंद झाली होती. म्हणून कायद्याने आडवाट काढली. बाईला उचलून न्यायचं नाही, पण न जाणं इतकं महाग करायचं की तिने आपल्या पायांनी चालत जावं. १८८२ च्या दिवाणी संहितेत त्यासाठी दोन साधनं होती, तुरुंग आणि मालमत्तेची जप्ती. दोन्ही एकदमही वापरता येत. रखमाबाईंच्या नावावर वडिलांची मालमत्ता होती, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

हे यंत्र धाकावर चालतं. समोरचं माणूस भिऊन वाकलं तरच ते कामाचं. न वाकता ‘घाला तुरुंगात’ म्हटलं की त्याच्या हातात काही उरत नाही, कारण सहा महिन्यांनी ती बाहेर येईल तेव्हाही ती नवऱ्याच्या घरी नसेलच. दादाजीला ना बायको मिळणार, ना संसार. सरकारच्या पदरी एका सुशिक्षित तरुणीला निव्वळ न नांदल्याबद्दल कोंडल्याचा बोभाटा तेवढा पडणार. तो बोभाटा जगभर झाला. एप्रिल १८८७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने रखमाबाईंचं पत्र छापलं. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरच्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी हा खटला मांडला. मुंबईत रखमाबाईंच्या बचावासाठी समिती झाली, वर्गणी जमली.

खुद्द इंग्लंडमध्ये तोवर काय झालं होतं, हे तर जास्तच बोलकं आहे. तिथे जॉर्जिना वेल्डन नावाच्या बाईने आपल्या नवऱ्यावर हाच दावा लावला आणि जिंकला. नवरा परत यायला तयार नव्हता. कायद्याप्रमाणे आता एका प्रतिष्ठित पुरुषावर तुरुंगाची पाळी आली, आणि पार्लमेंटने १८८४ मध्ये ती शिक्षाच काढून टाकली. त्याच १८८४ मध्ये मुंबईत दादाजीचं पहिलं पत्र आलं. ज्या देशातून हा दावा आला तिथे त्याचा तुरुंग मोडला होता. इथे तो आणखी जवळपास चाळीस वर्षं टिकला.

## संमतीचं वय वेगळं, लग्नाचं वय वेगळं

या खटल्याने पेटलेला वाद पुढे संमतिवयाच्या कायद्यापर्यंत गेला. शाळेच्या इतिहासात तो सगळ्यांनी वाचलेला असतो, पण एक घोळ बऱ्याच जणांच्या मनात राहतो. संमतिवय म्हणजे लग्नाचं वय नव्हे. त्या वयाच्या आतल्या मुलीशी शरीरसंबंध ठेवला, मग ती बायको का असेना, तर तो बलात्कार धरायचा, असा त्याचा अर्थ. लग्न पाळण्यात झालं तरी या कायद्याला त्याचं काही नव्हतं.

१८६० च्या दंडसंहितेत हे वय दहा होतं. पुढे कलकत्त्याला फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. तिने दहा ओलांडले होते म्हणून बलात्काराचं कलम लागलंच नाही. तिशी ओलांडलेल्या त्या नवऱ्याला वर्षभराची सक्तमजुरी झाली. त्यानंतर १८९१ मध्ये वय बारा केलं गेलं. महाराष्ट्र या वादात उभा चिरला गेला: रानडे, भांडारकर, तेलंग, आगरकर एकीकडे, टिळक दुसरीकडे. लग्नाच्या वयाला हात लागायला १९२९ चा शारदा कायदा यावा लागला, मुलीला चौदा आणि मुलाला अठरा. आजचं अठरा आणि एकवीस हे १९७८ पासूनचं आहे.

चौकट : हुकमाचे दात कसे पडत गेले

१८१३ : इंग्लंडमध्ये परत न जाणाऱ्या जोडीदाराला बहिष्काराऐवजी सहा महिन्यांपर्यंत तुरुंग.
१८६७ : हा दावा हिंदुस्थानातल्या दिवाणी कोर्टातही चालेल, असा प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय.
१८८४ : इंग्लंडमध्ये तुरुंग रद्द. मुंबईत दादाजीचं पत्र.
१८८७ : रखमाबाईंना ‘नांदा किंवा तुरुंग’ असा हुकूम.
१९२३ : भारतातही नवरा-बायकोला या हुकमासाठी तुरुंगात टाकणं बंद. जप्ती राहिली.
१९५५ : हिंदू विवाह कायदा, कलम नऊ.
१९७० : इंग्लंडने हा दावाच रद्द केला.
१९८४ : भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कलम नऊ कायम ठेवलं.

## आज हे कलम काय करतं?

काकूंच्या लेकीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिने फार व्यवहारी प्रश्न विचारला. तुरुंग नाही, पोलीस नाहीत, मग ही नोटीस पाठवतात तरी कशाला?

यंत्र जुनंच आहे, पण आता ते दुसऱ्याच कामाला लावलं जातं. कलम नऊ म्हणतं की वाजवी कारण नसताना नवरा किंवा बायको दुसऱ्यापासून अलग झाली, तर दुसऱ्याला कोर्टाकडे दाद मागता येते. कायद्यात दोघंही सारखे आहेत. बायकाही हा दावा लावतात. हुकूम झाला आणि तो पाळला गेला नाही, तर मालमत्ता जप्त करता येते. प्रत्यक्षात जप्तीपर्यंत प्रकरण क्वचितच जातं. खरी गंमत पुढे, तेराव्या कलमात, आहे. नांदण्याचा हुकूम झाल्यावर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत, तर दोघांपैकी कुणालाही त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. म्हणजे जोडण्यासाठी केलेलं कलम बऱ्याचदा तोडण्याची पहिली पायरी म्हणून वापरलं जातं.

दुसरा वापर पोटगीचा. कारण नसताना वेगळी राहते, असं दाखवता आलं तर बायकोची पोटगी अडवता येईल, या आशेने अनेक नोटिसा निघतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं की नांदण्याचा हुकूम मोडला एवढ्यावरून बायकोची पोटगी आपोआप बुडत नाही. ती का गेली नाही हे पाहावंच लागेल. ज्या घरांत नोटीस येऊन पडली आहे त्यांच्यासाठी ही माहिती फार मोलाची आहे.

रखमाबाईंचा प्रश्न स्वतंत्र भारतातही पुन्हा कोर्टात आला. १९८३ मध्ये सरिता या अभिनेत्रीच्या खटल्यात आंध्र प्रदेश हायकोर्टाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी कलम नऊ घटनाबाह्य ठरवलं. कुणाशी, केव्हा संबंध ठेवायचा, मूल होऊ द्यायचं की नाही, हे बाईच्या शरीराचे निर्णय आहेत आणि हा हुकूम ते तिच्या हातून काढून घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं. शंभर वर्षांपूर्वीचे पिन्हे जणू पुन्हा बोलले. पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते मत नाकारलं: लग्न टिकवायला या कलमाचा उपयोग आहे, आणि शिक्षा जप्तीपुरतीच आहे. त्या खटल्यात नांदण्याचा दावा बायकोनेच लावलेला होता. नवऱ्याने कोर्टात हुकमाला संमती दिली, वर्ष जाऊ दिलं, आणि मग त्याच हुकमाच्या आधारे घटस्फोट मागितला. २०१९ मध्ये गुजरातच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी हे कलम पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे नेलं. वीस-बावीस वर्षांची मुलं होती ती. रखमाबाईंच्याच वयाची.

काकूंच्या लेकीने नोटिशीला उत्तर दिलं. वकिलांनी केलेल्या मसुद्यात ‘आमची अशील नांदावयास तयार आहे, परंतु’ अशी सुरुवात होती. अशी करायची पद्धतच असते म्हणे, पुढे अडचण येत नाही. तिने तो कागद दोनदा वाचला आणि पेन मागून घेतलं. ‘तयार आहे, परंतु’ खोडलं, आणि खाली स्वतःच्या अक्षरात घर सोडण्याची कारणं लिहिली. एकामागून एक, तारखांसकट.

## दोन हजार रुपये

रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला हक्क सोडला.

१८८९ मध्ये त्या लंडनला गेल्या आणि स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांचा त्यांना भक्कम आधार होता. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, मग परतल्या आणि आधी सुरत, मग राजकोट इथल्या बायकांच्या रुग्णालयांत मिळून सुमारे पस्तीस वर्षं काम केलं. ज्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवायला तयार नसत, त्यांच्या बाळंतपणांच्या वेळी ही बाई त्यांच्या उशाशी असायची. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, पडदा पद्धत का गेली पाहिजे यावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली.

त्या तडजोडीने दावा मिटला, लग्न मोडलं नाही. मोडायची सोयच कायद्यात नव्हती. दादाजीला दुसरं लग्न करायला काहीच आडकाठी नव्हती, रखमाबाईंना ती वाट बंद होती. एक दिवसही ज्याच्या घरी त्या राहिल्या नाहीत त्याची बायको म्हणूनच त्यांची नोंद राहिली. १९०४ मध्ये दादाजी वारला तेव्हा त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या, सुरतेत नावाजलेल्या डॉक्टर होत्या. त्यानंतर त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला घेतलं. त्यांनी तसं का केलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

हिंदू विवाह कायदा लागू झाला १८ मे १९५५ ला. हिंदू बाईला घटस्फोट मिळू लागला, नवऱ्याचं दुसरं लग्न गुन्हा ठरलं, आणि त्याच कायद्यात, नवव्या क्रमांकावर, नांदायचा दावाही आला. रखमाबाई तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला त्या गेल्या.